कोयता, कॉलेज आणि आटत चाललेले अनुदान

२०२४ च्या दसऱ्याला, १२ ऑक्टोबरला, बीड जिल्ह्यातल्या नारायणगडावर मराठा आरक्षण आंदोलनाचे नेते मनोज जरांगे पाटील यांचा मेळावा झाला. त्याच दिवशी पाटोदा तालुक्यातल्या सावरगावी भगवान भक्तिगडावर पंकजा मुंडे यांचा मेळावा होता. दोन्हीकडच्या गर्दीत विशी-पंचविशीतली पोरे मोठ्या संख्येने होती. नारायणगडावर माणिकबाबांच्या हाताखाली घडलेल्या भगवानबाबांनी पुढे भगवानगड उभा केला, हे नाते बीड जिल्ह्यात लहानथोरांना ठाऊक आहे. राजकारणाने या दोन गर्द्या वेगळ्या पाडल्या असतील, पण त्यांतल्या कोरडवाहू घरांतल्या पोरांचे वर्ष एकाच तऱ्हेने जाते. जून-जुलैत कॉलेजात प्रवेश, दिवाळीच्या आगेमागे घरच्यांबरोबर कारखान्याला नाहीतर पुण्याकडे मिळेल त्या कामाला, आणि उन्हाळ्यात परत येऊन परीक्षा.

गडावरून आरक्षणाची जी मागणी होते ती शिक्षणाच्या आणि नोकरीच्या दाराबद्दलची असते. ती मागणी करण्याचा ज्याचा-त्याचा हक्क आहे. पण दारातून आत गेल्यावर वर्गात शिकवायला कोणी आहे का, राहायला जागा आहे का, काम करून शिकता येईल असे वेळापत्रक आहे का, हे प्रश्न मेळाव्यात येत नाहीत आणि विधानसभेतही क्वचित येतात. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत सरकारने विद्यार्थ्याच्या नावावर योजना वाढवल्या आणि त्याच काळात त्याचे कॉलेज मात्र हळूहळू रिकामे होऊ दिले. कष्टकरी घरातल्या पोरांच्या शिक्षणाचा खरा पेच इथे आहे असे माझे मत आहे.

काम करणाऱ्या माणसाला शिकता यावे म्हणून शाळेने आपली वेळ बदलायची, ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्ये शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली होती. बाबासाहेब आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केले, तेव्हा वर्ग सकाळी ठेवले, म्हणजे पोरांना दिवसा नोकरी करता येईल. १९५० मध्ये त्याच संस्थेचे कॉलेज औरंगाबादेत (आजच्या छत्रपती संभाजीनगरात) निघाले. तेच पुढचे मिलिंद. निजामाच्या राजवटीत उच्च शिक्षणाला पारख्या राहिलेल्या मराठवाड्यात दलितच नव्हे तर सगळ्याच गरीब घरांतली पोरे त्या कॉलेजामुळे पदवीपर्यंत पोचली. मराठवाडा विद्यापीठ १९५८ चे, म्हणजे कॉलेज आधी आणि विद्यापीठ नंतर. बीडचे बलभीम, अंबाजोगाईचे योगेश्वरी ही कॉलेजे याच लाटेतली, मराठवाड्यातल्याच संस्थांनी उभी केलेली.

दुसरी परंपरा कर्मवीर भाऊराव पाटलांची. १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था, १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह, १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज. श्रम करायचे आणि त्याच्या मोबदल्यात राहणे, जेवण, शिक्षण मिळवायचे, ही ‘कमवा आणि शिका’ची रीत त्यांनी कॉलेजपर्यंत नेली. अनुदान कापले गेल्यावर काय होते आणि काय करता येते, याचाही धडा त्यांच्याच इतिहासात आहे. १९४८ मध्ये मुंबई सरकारने रयतचे अनुदान थांबवले. संस्था लोकांकडे गेली. लोकांनी धान्य दिले, पैसे दिले, आणि स्वतः गाडगेबाबांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेरांकडे शब्द टाकला. अनुदान पुन्हा सुरू झाले. त्याही आधी, वसतिगृहातल्या मुलांच्या पोटाला काही नव्हते तेव्हा, भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रासकट, मोडले होते. अनुदान तुटले तरी संस्था जगली, कारण तिच्यामागे माणसे होती. पण लोकवर्गणीवर ती कायम चालेल असे भाऊरावांनी कधी मानले नाही. त्यांनी सरकारकडचा हक्क सोडला नाही, हे विसरता कामा नये.

स्वतंत्र महाराष्ट्राने सुरुवातीला तो हक्क मान्य केला. यशवंतराव चव्हाणांच्या काळात आर्थिकदृष्ट्या मागास घरांतल्या मुलांना फीमाफी मिळू लागली. ‘ई.बी.सी.’ हा शब्द एका अख्ख्या पिढीच्या तोंडी बसला. खाजगी संस्थांच्या अनुदानित कॉलेजांत प्राध्यापकांचा पगार सरकार देऊ लागले. आज निवृत्त झालेले कितीतरी अधिकारी, वकील, मास्तर त्या दोन गोष्टींवर शिकले. मग १९८३ मध्ये विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना परवानगी मिळाली, आणि २००१ पासून नवी कॉलेजे कायम विनाअनुदानित तत्त्वावरच द्यायची असे ठरले. त्यानंतर बीडसारख्या जिल्ह्यात तालुक्याच्या आणि मोठ्या गावच्या ठिकाणी निघालेल्या बऱ्याच कॉलेजांच्या वाट्याला सरकारी पगार आलाच नाही. तिथे शिकवणारा माणूस संस्था देईल त्यावर राबतो.

जुन्या अनुदानित कॉलेजांचे अनुदान कोणी एका दिवसात बंद केलेले नाही. ते आटले ते जागा न भरल्यामुळे. प्राध्यापक निवृत्त होत गेले आणि त्यांची जागा रिकामी राहत गेली. २०१८ मध्ये राज्याने ३,५८० सहायक प्राध्यापकांच्या जागा भरायला मान्यता दिली. ते काम अर्धवट असतानाच मे २०२० मध्ये करोनाचे कारण देऊन भरती थांबली. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्यांतल्या राहिलेल्या २,०८८ जागांना पुन्हा हिरवा कंदील मिळाला. मधल्या काळात आणखी माणसे निवृत्त झाली. या रिकाम्या जागांवर तासिका तत्त्वावरचे शिक्षक आहेत, कॉलेजच्या बोलीत ‘सीएचबीवाले’. नेट-सेट, पीएच.डी. झालेला माणूस आठवड्याला ठरावीक तास घेतो. पदवीच्या वर्गाला तासाला ९०० रुपये, तेही दर वाढवल्यावर. सुट्टीचे पैसे नाहीत, उन्हाळ्याचे पैसे नाहीत, आणि मानधन महिनोन्‌महिने रखडते ही तक्रार दरवर्षीची आहे.

याचा फटका कोणाला बसतो ते बघा. ज्याच्या घरी पैसा आहे तो लातूरला, संभाजीनगरला, पुण्याला जातो. मागे राहतो तो घरचा बैल, मोटारसायकल आणि कॉलेज एकाच वेळी सांभाळणारा पोरगा, आणि लग्नाच्या बोलणीतून वेळ काढून शिकणारी पोरगी. बुडालेला तास पुन्हा घेणारा, हजेरी कमी का म्हणून घरी फोन लावणारा, शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर सही मिळवून देणारा कायम प्राध्यापक त्यांना सगळ्यात जास्त लागतो. तासावर बांधलेल्या माणसाने हे करावे अशी अपेक्षा आपण ठेवतो आणि तासाचेच पैसे देतो. तरीही अनेक जण करतात. बीड जिल्ह्यातली कॉलेजे आज उभी आहेत त्यात या शिक्षकांचा वाटा फार मोठा आहे.

आता विद्यार्थ्याच्या बाजूने पाहू. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. मुकादम कोयत्यावर उचल देतो. ती उचल हंगामाआधीच घरात येते आणि देणे, आजारपण, लग्न यांत जाते. हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. पोरगा अठरा-एकोणीस वर्षांचा झाला की घरच्या हिशेबात तो एका कोयत्याचा भाग असतो. तो कॉलेजात राहिला तर तेवढी उचल येत नाही. फी माफ केली म्हणजे गरिबाचे शिक्षण मोफत झाले असे मंत्रालयात धरले जाते. घरच्यांना मात्र न आलेली उचल हीच खरी फी वाटते, आणि तिची माफी कोणत्याही योजनेत नाही.

पोरींचे गणित याहून कठीण आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी ४३.७ टक्के जणींचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. राज्याचे प्रमाण २१.९ टक्के आहे. आई-बाप फडावर जाणार, वयात आलेली मुलगी घरी एकटी कशी ठेवायची, ही काळजी खरी असते आणि तिच्यातून लग्न उरकले जाते. बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा मोफत पास मिळतो. पदवीच्या पहिल्या वर्षाला तो संपतो आणि इतरांसारखा एक-तृतीयांश पैसे भरून मासिक पास काढावा लागतो. रक्कम फार नसते, पण नेमके याच टप्प्यावर घरात ‘आता बस झाले’ असे ठरत असते. २०२१-२२ च्या एसटी संपात कित्येक महिने गाड्या बंद होत्या. गावातून बीडला किंवा शिरूर कासारला येणाऱ्या मुलींचे किती तास गेले याची नोंद कोणत्याच कॉलेजने ठेवलेली नसेल.

योजना नाहीत असे म्हणता येणार नाही. अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासूनची आहे. मराठा आणि खुल्या गटातल्या गरिबांसाठी राजर्षी शाहू महाराज शुल्क योजना आहे, वसतिगृहाच्या खर्चासाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आहे. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला स्वाधार योजनेतून जिल्ह्याच्या ठिकाणी वर्षाला ४३,००० रुपये मिळू शकतात. ओबीसींसाठी त्याच धर्तीची सावित्रीबाई फुले आधार योजना आली. सारथी, महाज्योती, बार्टी या सरकारी संस्था आहेत. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ झाली. हे शेवटचे पाऊल मोठे आणि चांगले आहे. फक्त पंजाबराव भत्ता काय किंवा ही फीमाफी काय, दोन्हींचा भर व्यावसायिक शिक्षणावर आहे. गावाजवळच्या कॉलेजात बी.ए. करणाऱ्या मुलीचा खर्च फीचा नसतो, तो बसचा, जेवणाचा आणि खोलीचा असतो, आणि तिच्या हाती यातून फारसे काही येत नाही.

आणि जे येते ते येईपर्यंतचा रस्ता बघा. महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर फॉर्म भरायचा तर उत्पन्नाचा दाखला लागतो. तो तहसीलमधून काढायला तलाठ्याचा अहवाल लागतो. फॉर्म उघडण्याच्या सुमारास बाप कोल्हापूरकडे किंवा कर्नाटकात फडावर असतो. आधारला जोडलेला मोबाइल त्याच्याकडे, म्हणून ओटीपी त्याच्या फोनवर जातो. तो मोळ्या बांधत असतो किंवा पहाटे गाडी भरून कारखान्याच्या रांगेत उभा असतो. रेंज आली तर आकडा सांगतो, तोवर ओटीपीची मुदत संपते. पोरगा पुन्हा ई-सेवा केंद्रात रांग लावतो, पुन्हा पैसे देतो. फॉर्म कॉलेजच्या क्लार्कच्या लॉगिनला जातो. क्लार्कची जागा रिकामी असेल तर तो तिथेच पडून राहतो. त्रुटी निघाली तर परत येतो, आणि त्रुटी निघाली हे पोराला कळायला आठवडे जातात. मंजूर झाले तरी पोर्टलवर जाऊन पैसे ‘रिडीम’ करावे लागतात. ही पायरी माहीत नसल्याने मंजूर रक्कम पडून राहिलेली पोरे आहेत.

त्यात २०२१-२२ पासून अनुसूचित जातींच्या शिष्यवृत्तीतला केंद्राचा ६० टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येऊ लागला. त्यातून कॉलेजची फी विद्यार्थ्याने स्वतः भरायची. पैसा मधल्या कोणाच्या हाती लागू नये हा हेतू योग्यच होता. पण ज्या घरात दवाखान्याचे बिल थकलेले असते तिथे खात्यात आलेली रक्कम फीसाठी बाजूला राहत नाही. मग निकाल, टीसी, परीक्षेचा फॉर्म अडतो आणि पोरगा कॉलेजला तोंड दाखवेनासा होतो. विनाअनुदानित संस्था म्हणते, आम्ही पगार कशातून द्यायचे? दोघांचेही खरे असते. पैसा कुठे अडला हे शोधणारा माणूस तेवढा कोणाकडेच नसतो.

राहण्याच्या प्रश्नावर एक पाऊल पडले आहे. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाच्या पाठबळाने संत भगवानबाबा वसतिगृह योजना २०२१ मध्ये मंजूर झाली. ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे, प्रत्येकात १०० मुले किंवा मुली. सुरुवात भाड्याच्या इमारतींतून झाली. सगळी वसतिगृहे पूर्ण भरली तरी आकडा ८,२०० होतो. एकट्या बीड जिल्ह्यातून हंगामाला बाहेर पडणारी माणसे लाखांत मोजतात. तरीही ही योजना मला बाकी सगळ्या योजनांपेक्षा मोलाची वाटते, कारण पोरांना राहायला छप्पर, दोन वेळचे जेवण आणि मोठ्या माणसाचे लक्ष या तिन्ही गोष्टी ती एकत्र देते. पुण्यात विद्यार्थी सहायक समिती १९५५ पासून हेच काम करते आहे. डॉ. अच्युतराव आपट्यांनी ते सुरू केले आणि खेड्यांतून आलेल्या हजारो मुला-मुलींनी तिथे राहून पदव्या घेतल्या. असे वसतिगृह बीडमध्ये शिकणाऱ्या पोरालाही हवे. शिकायला पुण्याला जाणे भाग पडू नये.

काम करणाऱ्यांसाठी कॉलेज हा विषय अमेरिकेत ‘कम्युनिटी कॉलेज’ या नावाने रुजला. तिथले पहिले, जोलिएटचे, १९०१ मधले. त्या भागातल्या करातून त्यांना पैसा मिळतो, म्हणून ती त्या भागाची मानली जातात. संध्याकाळचे वर्ग, दोन वर्षांची पदविका आणि नंतर हवे तर विद्यापीठ. तिथेही निधी कापला जातो, तिथेही तासावर शिकवणारेच जास्त आहेत. तरी अलीकडे तिथल्या अनेक कॉलेजांत गरजू विद्यार्थ्यांसाठी मोफत धान्य-किराण्याची खोली असते. भुकेला विद्यार्थी हा कॉलेजचा प्रश्न आहे हे त्यांनी मान्य केले. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३ मध्ये याच नावाची योजना आणली, पाठोपाठ बी.व्होक. आले. महाराष्ट्रातल्या अनेक कॉलेजांनी अभ्यासक्रम सुरू केले, यंत्रे घेतली, कंत्राटी शिक्षक नेमले. २०१७ मध्ये पंचवार्षिक योजनाच संपल्या, आणि केंद्राच्या निधीवर उभे राहिलेले असे अभ्यासक्रम कॉलेजच्या स्वतःच्या खर्चावर आले. गरीब भागातल्या कॉलेजाला तो खर्च पेलणारा नव्हता.

यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ (१९८९) या सगळ्यांत काम करणाऱ्यांना सर्वांत जवळचे. हजेरीची सक्ती नाही, अभ्यासकेंद्र तालुक्यात. पोलीस भरतीची तयारी करणारे, दुकानात काम करणारे, लग्न होऊन गेलेल्या बायका, असे हजारो लोक त्यातून पदवीधर झाले. मर्यादा एवढीच की पुस्तक घरी येते, शिकवणारा येत नाही, आणि जो पहिल्यांदाच घरातून शिकतो आहे त्याला शिकवणारा लागतो.

नव्या शैक्षणिक धोरणाने श्रेयांक साठवण्याची, मध्ये थांबून पुन्हा यायची सोय कागदावर आणली आहे. ही सोय ऊसतोडीच्या पोरासाठीच केली असावी असे वाटावे इतकी ती त्याच्या कामाची आहे. प्रत्यक्षात सत्र पद्धती आल्यापासून पहिली परीक्षा नेमकी हंगाम सुरू झाल्यावर येते. पूर्वी वार्षिक परीक्षा एकच असे आणि ती उन्हाळ्यात असे. आता पोरगा फडावरून दोनशे-तीनशे किलोमीटर परत येतो, पेपर देतो आणि पुन्हा जातो, किंवा येतच नाही आणि विषय मागे राहतो. धोरणात प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाला श्रेयांक आहेत. दुकानात बसून केलेली इंटर्नशिप मोजली जाते. टोळीचा हिशेब ठेवणारा, गाडीचे वजन आणि उचलीचा मेळ घालणारा वाणिज्य शाखेचा विद्यार्थी जे करतो ते मोजायला कोणी तयार नाही. विद्यापीठाने ठरवले तर याला वेगळा पैसा लागत नाही.

यावर जे करायला हवे त्यातले कोणतेही काम अवघड नाही. मंजूर जागा भराव्यात. प्रत्येक कॉलेजात शिष्यवृत्तीसाठी एक पूर्णवेळ माणूस असावा, आणि उत्पन्नाचे दाखले हंगामाआधी, सप्टेंबरमध्ये, कॉलेजातच शिबिर लावून द्यावेत. स्थलांतर जास्त असलेल्या तालुक्यांत हिवाळी परीक्षेला दुसरी संधी उन्हाळ्यात ठेवावी. बी.ए., बी.कॉम.च्या मुलींना एसटीचा मोफत पास पदवीपर्यंत चालू ठेवावा. कमवा आणि शिका योजनेत आज मूठभरांनाच काम मिळते, ती तालुक्याच्या कॉलेजपर्यंत आणावी आणि मोबदला रोजंदारीच्या जवळपास तरी असावा. गावाजवळचे देवस्थान, साखर कारखाना, बाजार समिती यांना एका खानावळीचा खर्च जड नाही. नारायणगडावर पंगती उठतात. पंढरपूरला जाऊ न शकणारी माणसे आषाढीला इथे येतात आणि कोणी उपाशी जात नाही. हीच शक्ती बीड-शिरूर परिसरातल्या पन्नास मुलींच्या वसतिगृहामागे उभी राहिली तर सरकारला मागे राहता येणार नाही. १९४८ मध्ये साताऱ्यात तेच झाले होते.

तुम्ही या भागातले असाल, किंवा या भागातल्या कॉलेजातून शिकून बाहेर गेलेले असाल, तर एक काम करा. आपल्या कॉलेजच्या प्राचार्यांना पत्र लिहून तीन आकडे मागा: मंजूर जागा किती आणि भरलेल्या किती, गेल्या वर्षी किती विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती अडकली, आणि प्रथम वर्षात आलेल्या मुलींपैकी तिसऱ्या वर्षाला किती उरल्या. ते आकडे घेऊन आमदारांकडे जा, संस्थेच्या अध्यक्षांकडे जा, आणि पुढच्या दसऱ्याला गडावर ज्यांच्या हाती माइक असेल त्यांच्याकडेही जा.